सत्ताविसावी टाचणी

वनिता, आज सकाळी गुड्डीनं पाय दुखतात म्हटलं.

काल शाळेत दोरीवरच्या उड्या मारून आली होती, दुखणारच. पण मी चुलीवरची फोडणी तशीच सोडून तिच्याजवळ बसले. घोटे दाबून पाहिले, गुडघे पाहिले, डोळ्याची खालची पापणी ओढून आत पिवळं दिसतं का ते पाहिलं. ती म्हणाली, "आजी, काऊन अशी पाहून राहिली?" मी म्हटलं, "डोळ्यात चिपड होतं." तोवर फोडणी जळून काळी झाली. नऊ वर्षांची पोरगी, तिला जळक्या वासावरून कळलं की आजी खोटं बोलते. काही बोलली नाही. तुझ्यावरच गेली आहे.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. येणारे-जाणारे मला सांगतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही, मला भीती वाटते. तुझे सासरे गेले तेव्हा पोरं लहान होती, तेव्हाही अशी भीती वाटली नव्हती. बिड्या वळता येत होत्या, हात चालत होते, बस. ही भीती वेगळी आहे आणि ती तुझ्या त्या नकाशातून घरात आली आहे. म्हणून तुलाच लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मोठं येतं, कागद जास्त लागणार.

तू संस्थेत कामाला लागलीस तेव्हा मी विचारलं होतं, काम काय? तू म्हणालीस, "आई, एका जुन्या डॉक्टरसाहेबांची रजिस्टरं आहेत, सिकलसेल म्हणून रक्ताचा आजार असतो त्याची. कोणाचं रक्त कधी तपासलं, काय निघालं, सगळं लिहिलेलं. ते कंप्युटरात एक्सेलमध्ये भरायचं. मग नकाशावर प्रत्येकाची टाचणी लावायची. आजारी माणसाची लाल, नुसता वाहक असेल त्याची पिवळी."

मी म्हटलं, "टाचण्या लावायचा पगार देतात? मंग मले काऊन नाही ठेवत?"

तू हसलीस. पण झालं तसंच. रविवारी तू ऑफिसचा लॅपटॉप घरी आणायचीस आणि मी तुझ्या शेजारी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसायचे. कारण तुझ्या मशीनला पत्ते कळत नव्हते. आपल्या गोंदियात पत्ता म्हणजे काय, राईस मिलच्या मागे, बंद चक्कीजवळ, मोठ्या कडुलिंबापाशी. मशीनला कडुलिंब कुठून माहीत असणार? ज्यांचा पत्ता कळला नाही त्या सगळ्या टाचण्या त्यानं शहराच्या मधोमध नेऊन ओतल्या होत्या. तू मला दाखवलंस, "पाहा आई, सगळा गोंदिया भाजीबाजारातच आजारी पडला." मी इतकी हसले की तंबाखू सांडली.

मग मी सांगायची आणि तू टाचणी ओढायचीस. "ती चक्की आता नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. अजून पुढे. नाल्याच्या अलीकडे. अलीकडे म्हटलं ना, पलीकडे कायले गेली?" तू म्हणायचीस, "आई, तुम्हालाच मशीनमध्ये घालायला पाहिजे होतं." चाळीस वर्षं या शहरात पायी फिरले, ते कुणाच्या कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. ते रविवार चांगले होते. तू असताना हे सांगायचं राहिलं, आता सांगते.

आणि मग एका रविवारी तू टाचणी आपल्या घरावर आणलीस.

मी ओळखलं. स्टेशनमागची वाकडी गल्ली, मिलची भिंत, आपलं कौलाचं छप्पर. त्याच्यावर लाल ठिपका. मी म्हटलं, "हे कायले इथं?"

तू नकाशा आणखी मोठा केलास. मग म्हणालीस, "एक दिसते आई, पण एक नाही. एकाच जागेच्या असल्या की एकावर एक बसतात." आणि तू त्या ठिपक्यावर दाबलंस. खाली यादी उघडली. वर आकडा होता, सत्तावीस.

माझ्या हातातलं बिडीचं पान तिथंच फाटलं. पण कसं झालं असेल ते मला लगेच कळलं. माझं माहेर बोदलकसा तलावाकडचं. तिकडचा माणूस गोंदियाला दवाखान्यात आला की उतरायचा आपल्याकडे. आधी माझे भाऊ-भावजया, मग त्यांचे सोयरे, मग सोयऱ्यांचे शेजारी. मी कोणाला नाही म्हटलं नाही. ओसरीत चटई, भात जास्त टाकायचा, एवढंच तर होतं. डॉक्टरकडे पत्ता विचारला की हे लोक काय सांगणार? गावाचं नाव सांगितलं तर गावाला कळेल. पोरीचं नाव या आजारात निघालं की सोयरीक मोडते. म्हणून सगळे सांगायचे, स्टेशनमागे, राईस मिलच्या भिंतीला लागून, बिडीवाल्या बाईच्या घरी. बारा-तेरा वर्षांत सत्तावीस जणांनी हेच सांगितलं. खोटं बोलतो असं कोणाला वाटलं नसेल. उतरले तर तिथंच होते.

मी म्हटलं, "काढून टाक."

"काढता येत नाही, आई."

"लावता येते तं काढता कायले येत नाही? आपल्या घराला बदनाम करून राहिली तू. उद्या गुड्डीले पाहायले कोण येईल?"

"गुड्डी सात वर्षांची आहे."

"मोठी होणार नाही काय?"

तू आवाज चढवला नाहीस. तुझी हीच गोष्ट मला आवडायची नाही, भांडण एकटीला करावं लागायचं. तू म्हणालीस, "आई, हा नकाशा पाहून तपासणीची गाडी ठरणार. जिथं टाचण्या जास्त तिथं गाडी आधी. आज पाहिलं तर गाडी आपल्या दारात येऊन उभी राहील. आणि बोदलकस्याकडे, चोरखमाऱ्याकडे एक टाचणी नाही. तिकडे कोणी जाणारच नाही. काढायच्या नाहीत, ज्यांच्या-त्यांच्या गावी पोचवायच्या. कोण कुठलं ते फक्त तुम्हाला माहीत आहे."

मी नाही म्हटलं. त्यांनी मला विश्वासानं सांगितलं होतं, कोणाजवळ बोलू नका माय. मी बोलले नव्हते. चौथी शिकलेल्या बाईजवळ दुसरं काय असतं, शब्द पाळला एवढंच सांगायला असतं. आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मीठसुद्धा गुड्डीच्या तोंडून मागितलं.

नवव्या दिवशी मीच म्हटलं, आण ते मशीन. तू विचारलं नाहीस, मन कसं वळलं. आता सांगते. मला एक पोरगी आठवली. आपल्या ओसरीत दिवसभर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, कण्हायची, आणि लोक ऐकतील म्हणून तिची माय तिच्या तोंडावर हात धरायची. तिच्या मायनं माझ्याकडून वचन घेतलं. मी पाळलं. पुढच्या हिवाळ्यात ती पोरगी गेली. माझं तोंड बंद राहिलं आणि तिला काही फायदा झाला नाही.

मी तुला एवढंच विचारलं, "नावं दिसतील काय?" तू म्हणालीस, "नावं ऑफिसातल्या मशीनमध्ये कुलपात. बाहेर नुसता ठिपका."

तू एकेक नाव वाचलंस. मी एकेक गाव सांगितलं. एका नावाला एक बिडी वळून बाजूला ठेवत गेले, सवयीनं. बिडी वळणाऱ्या बाईचे हात मोजतात, डोक्याला कळायच्या आधी. पंचवीस झाल्या, कट्टा बांधला. मग तू आणखी एक नाव वाचलंस, मी गाव सांगितलं, एक बिडी झाली. मी पुढचं पान हातात घेतलं, आणि तू लॅपटॉप बंद केलास.

"झालं, आई."

एक कट्टा आणि एक बिडी. सव्वीस. पान माझ्या हातात तसंच होतं.

मी म्हटलं, "झालं."

तुला वाटलं असेल म्हातारी चुकली, विसरली. मी काही विसरले नव्हते वनिता. मला त्याच क्षणी आठवलं, तू या घरात पहिल्यांदा सून म्हणून आली नव्हतीस. त्याच्या तीन वर्षं आधी बापासोबत आली होतीस. दोन दिवस ओसरीत पडून होतीस, अंगात ताप, हात सुजलेले. तुझा बाप म्हणाला, टायफाईड आहे, रक्त तपासायला आणली. जाताना तू चटई झटकून, घडी करून, भिंतीला टेकवून ठेवलीस. एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांनी ती चटई वापरली, घडी कोणी केली नव्हती. त्याच घडीवर मी तुला माझ्या दिलीपसाठी मागितलं.

तुझ्या बापानं तुला काय सांगितलं असेल तेही मला कळतं. कागद साफ निघाला, असंच ना? मग पुढे दरवर्षी थंडी पडली की तुझे सांधे धरायचे आणि तू संधिवात म्हणायचीस. मी म्हणायची, या वयात कसला संधिवात, कामाचं सोंग. एकदा नाही, खूपदा म्हटलं. शेजारणीसमोरही म्हटलं. तुला तुझं नाव ऑफिसात रजिस्टर भरताना सापडलं असेल. डॉक्टरसाहेबांच्या अक्षरातलं नाव तुझ्याच बोटांनी मशीनमध्ये घातलं असेल. तेव्हा शेजारी कोण होतं? घरी आल्यावर तू स्वयंपाक केलास काय? तो दिवस कोणता होता ते मी आठवून पाहते, मला सापडत नाही. तू आम्हाला काहीच वेगळं दिसू दिलं नाहीस.

त्या सव्वीस बिड्यांनंतर मी तुझं आंघोळीचं पाणी सकाळी आधी तापवायला लागले. तू विचारलं नाहीस, काऊन. मीही म्हटलं नाही. माठाजवळ बसलेली दिसलीस की मी म्हणायची, दोन गिलास पी, एकानं काय होते. गाडीवर गावोगाव जाणाऱ्या नर्सबाई दारी आल्या होत्या, त्या म्हणाल्या होत्या, या रोगात पाणी जास्त प्यावं लागतं. तू निमूट प्यायचीस. आपण दोघी असं करत राहिलो दोन वर्षं. याला मी समंजसपणा समजत होते. तो भित्रेपणा होता. तुझाही, पण माझा जास्त, कारण मी मोठी.

चोरखमाऱ्याकडची ती बाई आठवते? गाडी त्यांच्या गावी गेली, तिच्या पोरीचं नाव निघालं, आणि ती तरातरा आपल्या दारात आली. "माय म्हणून सांगितलं होतं तुले! तू तोंड उघडलं कायले?" गल्ली गोळा झाली. तू बाहेर आलीस, अंगात स्वेटर, भर दुपारी. तिच्यासमोर पाण्याचा गिलास ठेवलास आणि विचारलंस, "पोरगी कशी आहे जी?"

"कशी राहणार? गोळ्या खाऊन राहिली."

"दुखणं?"

तिनं गिलासाकडे पाहिलं. "कमी आहे."

पाणी न पिता गेली. आजही तिनं मला माफ केलेलं नाही. मला वाटतं तेच बरोबर आहे, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी शब्द मोडला आणि पोरगी बरी आहे. तू त्या दिवशी मला म्हणालीस, "आई, घाबरू नका." घाबरायचं कोणासाठी ते आपण दोघी बोललो नाही.

आता ते लिहिते जे लिहायला हात होत नाही.

तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि श्वास पुरेना तेव्हा आम्ही तुला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तुझ्या चपला माझ्या हातात राहिल्या होत्या. तरुण डॉक्टर होता, घाईत विचारत होता. काय खाल्लं, ताप कधीपासून. मग त्यानं विचारलं, "घरात सिकलसेल आहे कोणाला?" दिलीप म्हणाला, "नाही." त्याला खरंच माहीत नव्हतं. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनची नळी लावलेली होती. तू दिलीपकडे नाही पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस.

आणि मी उभी राहिले, चपला घेऊन.

मला माहीत होतं. माझ्या तोंडात होतं. पण मला वाटलं, आता सांगितलं तर लगेच गुड्डीचं नाव विचारतील. एवढंच वाटलं. तुझा विचार मी नंतर केला. खोटं लिहीत नाही, नंतर केला. संध्याकाळी रक्ताचा कागद आला तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. आधी सांगितलं असतं तर वाचली असतीस काय, हे मी त्या डॉक्टरला विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही. तू त्या वेळी माझ्याकडे का पाहिलंस? सांगा म्हणून, की सांगू नका म्हणून? सोळा दिवस मी हेच धरून बसले आहे. तुला ओळखते म्हणून वाटतं, सांगा म्हणून. पण तुला ओळखते म्हणूनच दुसरंही वाटतं.

परवा तुझ्या ऑफिसात गेले, सामान आणायला. तुझ्या शेजारच्या टेबलावरची ती जाड चष्म्याची बाई, तिनं मला खुर्ची दिली. "बैठो अम्मा. सारा सामान निकाल के रखा है." डबा, स्वेटर, गुड्डीचा फोटो, आणि खणाच्या मागच्या कोपऱ्यातून एक पुडी. बारीक पिवळ्या गोळ्या. मी त्या ओळखल्या, गाडीवाल्या नर्सबाई याच गोळ्या वाटतात. तू औषध घेत होतीस. ऑफिसात ठेवून घेत होतीस. घरात ठेवायची तुला भीती वाटली. कोणाची भीती, ते मला कोणी सांगायला नको.

मी त्या बाईला म्हटलं, मला नकाशा दाखवा. तिनं दाखवला. बोदलकस्याकडे लाल-पिवळे ठिपके, चोरखमाऱ्याकडे ठिपके, प्रत्येकाला मी नावानिशी ओळखते. मग म्हटलं, आमचं घर दाखवा. स्टेशनमागे आली, मिलची भिंत आली. ठिपका होता.

"अम्मा, यहाँ एक ही है."

"दबाओ," मी म्हटलं.

तिनं दाबलं आणि मग तिचा हात मागे आला. कुमारी वनिता, वय अठरा, लाल. पुढे शेऱ्याचा रकाना. तिनं मला समजावून सांगितलं, की प्रत्येक टाचणीपुढे तू शेरा लिहीत होतीस. त्या सव्वीस जणांपुढे लिहिलं होतं, मूळ गावी हलवली. तुझ्या नावापुढे लिहिलं होतं, पत्ता बरोबर आहे.

तू ती पुसू शकली असतीस. तुझ्याच हातात होतं सगळं. माहेरच्या गावी पाठवू शकली असतीस, कोणी विचारलं नसतं. तू आपल्या घरावर ठेवलीस. त्या बाईनं चहा मागवला, मी प्याले. गोड होता फार.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, मी विचारली म्हणून. आईला हा आजार असला की लेकराच्या रक्तात तो थोडा तरी येतोच. बापाच्या रक्तात नसेल तर लेकरू नुसतं वाहक राहतं, त्याला त्रास नसतो, लग्नाच्या वेळी समोरच्याचं रक्त पाहून घ्यावं लागतं एवढंच. बापातही असेल तर लेकरू आजारी असू शकतं. म्हणजे गुड्डीची टाचणी लागणार हे ठरलेलं आहे. पिवळी की लाल, एवढंच कळायचं आहे.

काल दिलीपला सांगितलं. तो म्हणाला, "पोरीचं नाव कोणत्या रजिस्टरात नको, आई. लग्न कोण करेल तिच्याशी?"

मी म्हटलं, "वनिताच्या बापानंही हेच म्हटलं असेल."

तो उठून बाहेर गेला. पुष्कळ वेळानं आला आणि म्हणाला, "माझ्यात असेल तं?" त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्याच्यात असेल तर ते त्याच्या बापाचं किंवा माझं. मी हे आधी त्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही, पण आता या घरात न बोलण्याची सवय मोडायची म्हणून शेवटी सांगितलं. म्हटलं, मीही बोट पुढे करणार आहे. तिघं जाऊ.

उद्या दहा वाजता रक्त तपासायला जायचं आहे. ऑटो सांगून ठेवला. गुड्डीला म्हटलं, सुई टोचते, मुंगी चावल्यासारखी. ती म्हणाली, "मम्मीले पण टोचली होती काय?" मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, "मंग मम्मी रडली होती काय?" मी म्हटलं, नाही, चटईची घडी करून गेली.

पत्ता विचारतील. मी सांगेन, स्टेशनमागे, राईस मिलच्या भिंतीला लागून. ऑफिसातली ती बाई म्हणाली, एकाच जागेच्या असल्या की नवी टाचणी जुनीवर बसते, वरून एकच दिसते. ते मला आधीच माहीत आहे, तू शिकवलं होतंस. उद्यापासून ऑफिसात कोणी आपल्या घरावर दाबलं की दोन नावं तरी निघतील, तुझं आणि तिचं.

मला भीती वाटते वनिता. मी देवाकडे काही मागत नाही, तुझ्याकडे मागते, ते मशीन तुझं होतं. पिवळी बसू दे.